शेवट कुणी सांगायचा नाही!

गप्पा सुरू करण्याआधी एक सूचना. आज आम्ही 'कहानी', 'दृश्यम' आणि 'मेरा साया' या तीन सिनेमांबद्दल बोलणार आहोत, आणि तिन्हींचे शेवट बोलण्यात येणार आहेत. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत आणि पुढे कधीतरी बघायचे आहेत, त्यांनी आत्ताच रेडिओ बंद करून भाकऱ्या थापायला घ्याव्यात. आम्हाला राग येणार नाही. उलट बरंच वाटेल, कारण आजचा विषयच तो आहे. गोष्टीनं शेवटी अचानक वळण घ्यावं, आपण चाट पडावं, आणि त्याचा आपल्याला राग न येता आनंद व्हावा, असं का होतं?

विषय निघाला तो बचत गटाच्या बैठकीत. श्रावणातली मासिक बैठक होती. हप्ते जमा झाले, कर्जाचे दोन अर्ज वाचून झाले, आणि मग ठरल्याप्रमाणे शाळेतून मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर आम्ही 'कहानी' लावला. सुजॉय घोष यांचा २०१२ सालचा सिनेमा, विद्या बालनचा. सात-आठ महिन्यांची गरोदर बाई लंडनहून कोलकात्याला येते आणि विमानतळावरून थेट पोलीस ठाणं गाठते. नवरा कामासाठी इथे आला होता, तो हरवलाय, म्हणते. आम्ही सतरा जणी होतो. कुणी शेंगा सोलत होत्या, कुणाच्या मांडीवर मूल. अर्ध्यावर आमच्यातल्या एक मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "इतके दिवस भरलेली बाई अशी तुरुतुरु जिने चढते होय? बाळंतपण न बघितलेल्या माणसानं काढलाय हा सिनेमा." सगळ्या हसल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेवटची पंधरा-वीस मिनिटं राहिली असतील, तेवढ्यात एका मैत्रिणीचा फोन वाजला. घरी पाहुणे आले होते आणि चहा करायला कुणी नव्हतं. म्हणजे घरात माणसं चार होती, पण चहा करणारं कुणी नव्हतं. ती उठली. दारात चपला घालता घालता वळून म्हणाली, "शेवट कुणी सांगायचा नाही हं!" आणि गेली.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर एकीनं तिला म्हटलं, "अगं, सांगून टाकते ना, दोन वाक्यांत होईल." तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. खरंच, शेवट दोन वाक्यांत सांगून होतो. मग ती दोन वाक्यं ऐकल्यानं तिचं असं काय जाणार होतं?

आपल्या भोंडल्याची खिरापत आठवा. हत्तीभोवती फेर धरून झाला, गाणी संपली की जिच्या घरची खिरापत असते ती झाकलेला डबा घेऊन मधे येते. गोड का तिखट? कोरडं का ओलं? कुणी डबा हलवून आवाज ऐकते, कुणी नाक पुढे करते. ओळखता आली नाही तर डबा आणणारी खूश, ओळखली तर ओळखणारी खूश. पण दोन प्रकारांनी हा खेळ फसतो. तळणाचा वास गल्लीभर सुटला असेल तर विचारण्यात अर्थ नाही. आणि कुणी शहरातल्या दुकानातून असं काही आणलं, की ज्याचं नावच आपण कधी ऐकलेलं नाही, तर डबा उघडल्यावर 'वा!' म्हणायच्या ऐवजी 'ह्या! हे कसं ओळखणार?' असंच तोंडातून निघतं. चांगली खिरापत ती, की जी आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरातली असते, आणि तरी कुणाला सुचत नाही.

चांगल्या रहस्यकथेचंही तसंच आहे. उत्तर आपल्यासमोर ठेवलेलं असावं लागतं. या प्रकारच्या गोष्टी लिहिणाऱ्यांनी स्वतःवर तसे नियमही घालून घेतले होते. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्रज धर्मगुरू होते, ते स्वतः रहस्यकथा लिहीत. त्यांनी १९२९ साली दहा नियम मांडले. त्यातला एक असा, की तपास करणाऱ्याला जो धागा सापडला तो वाचकालाही दाखवलाच पाहिजे. आणि शेवटचा नियम तर आपल्या हिंदी सिनेमासाठीच केल्यासारखा आहे. वाचकाच्या मनाची आधी तयारी केल्याशिवाय गोष्टीत जुळे भाऊ आणायचे नाहीत!

आता 'कहानी'कडे परत या. विद्या नवऱ्याला शोधते आहे. गेस्ट हाऊसच्या नोंदवहीत त्याचं नाव नाही. जिथे तो कामाला आला होता म्हणते, तिथे असा माणूस कधी नव्हताच असं सांगतात. हे बघताना आपल्याला काय वाटतं? कुणीतरी बड्या माणसानं कागद गायब केले, बिचारीला फसवताहेत. साधा विचार मनात येतच नाही, की नोंद नाही म्हणजे कदाचित असा माणूसच नसेल. तो का येत नाही? कारण समोर पोट पुढे आलेली, घामेजलेली, एकटी बाई आहे. अशा बाईवर शंका घ्यायची नसते, तिला बसायला खुर्ची द्यायची असते. सिनेमातले पोलीसही तेच करतात.

शेवटी कळतं की पोट खोटं आहे. ती ज्याला शोधत होती तो तिचा नवरा नाही, तिच्या नवऱ्याचा खुनी आहे. सिनेमाच्या सुरुवातीलाच मेट्रोत विषारी वायूचा हल्ला दाखवलेला असतो. त्यात तिचा नवरा गेला, त्या धक्क्यानं पोटातलं बाळही गेलं. तो हल्ला आपण पाहिलेला असतो आणि तासाभरात विसरलेलो असतो.

आणि मावशींचं वाक्य? आमच्या सतरा जणींमध्ये अनेक बाळंतपणं झालेल्या एका बाईला खरा धागा बरोबर दिसला होता. अशी कुणी जिने चढत नाही. पण आम्ही सगळ्यांनी ती सिनेमावाल्याची चूक म्हणून हसण्यावारी नेली. वळणदार गोष्टीची खरी चलाखी इथे आहे. ती आपल्याला खोटं सांगत नाही. खरं सांगते, पण अशा जागी ठेवते की आपणच ते बाजूला सारून पुढे जातो. म्हणून शेवटी राग येत नाही. फसवलं कुणी? आपणच आपल्याला.

'दृश्यम' वेगळ्या तऱ्हेनं हे करतो. मूळ सिनेमा मल्याळम, २०१३ सालचा. आपण बहुतेकींनी पाहिलेला हिंदी २०१५ चा, आपल्या निशिकांत कामतांनी दिग्दर्शित केलेला, गोव्यात घडणारा. चौथी शिकलेला केबलवाला विजय साळगावकर, त्याची बायको, दोन मुली. मुलीचा चोरून काढलेला व्हिडिओ घेऊन एक मुलगा धमकवायला येतो आणि झटापटीत मरतो. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत होतं. मारलं कुणी, का मारलं, प्रेत कुठे पुरलं, सगळं आपल्याला ठाऊक. पोलिसांना ठाऊक नाही. मग रहस्य उरलं काय?

इथे हिचकॉक या प्रसिद्ध दिग्दर्शकानं सांगितलेली एक गोष्ट उपयोगी पडते. दोघं जण टेबलाशी बसून साध्या गप्पा मारताहेत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटला, तर बघणाऱ्याला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब ठेवताना बघणाऱ्यानं पाहिलं असेल आणि भिंतीवरचं घड्याळही दिसत असेल, तर त्याच साध्या गप्पांत तो पंधरा मिनिटं श्वास रोखून बसतो. पहिला झाला धक्का, दुसरी झाली उत्कंठा. 'दृश्यम' बघताना आपण उत्कंठेनं बसलेलो असतो. धाकटी पोर पोलिसांपुढे बोलून तर जाणार नाही ना? २ ऑक्टोबरला आम्ही पणजीला सत्संगाला होतो, ही गोष्ट टिकेल ना? आणि या काळजीत आपण धक्क्याची वाट बघायचं सोडून देतो. आपल्याला सगळं माहीत आहे, असं वाटत असतं ना! पोलीस खड्डा उकरतात तर आत मेलेलं जनावर. प्रेत कुठे गेलं? ते नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली. ते ठाणं बांधलं जात असताना आपण चहाच्या टपरीवरून कितीदा पाहिलेलं असतं. आपल्याला गुन्ह्यात सामील करून घेतलं आणि शेवटचं गुपित आपल्यापासूनही राखलं. आमच्या मते गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं हे सगळ्यात घट्ट विणलेलं वळण आहे. (पोलीस अधिकारी मीरा देशमुख हीसुद्धा आईच होती, तिचंही पोर गेलं, यावर आमच्यात दोन तट आहेत. तो वाद पुन्हा कधीतरी.)

'मेरा साया'बद्दल मात्र आमची थोडी तक्रार आहे. राजा परांजपे यांचा मराठी 'पाठलाग' आला १९६४ साली, आणि त्यावरून राज खोसलांनी १९६६ मध्ये 'मेरा साया' केला. वकिलाची बायको त्याच्या मांडीवर प्राण सोडते. मग डाकूंच्या टोळीतली एक बाई पकडली जाते, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी. ती म्हणते, मीच तुमची बायको. कोर्टात तोच तिची उलटतपासणी घेतो. घरातल्या, दोघांतल्या खासगी गोष्टी ती सांगते, तरी तो मानत नाही, कोर्ट मानत नाही, आणि आपणही मानत नाही. तिला वेड लागलंय असं ठरतं. शेवट काय? ती खरंच बोलत होती. मेली ती जुळी बहीण.

नॉक्ससाहेबांच्या नियमात हे बसत नाही. बहिणीची जुळवाजुळव आधी नीट केलेली नाही, म्हणजे ही थोडीशी दुकानातून आणलेली खिरापत झाली. तरीही हा सिनेमा मनातून जात नाही, आणि तो का जात नाही हे आम्ही दुसऱ्यांदा बघितल्यावर कळलं. पहिल्या वेळी आपण कोर्टातल्या त्या बाईकडे बघून म्हणत असतो, काय पक्की आहे, सगळं पाठ करून आली आहे. दुसऱ्या वेळी तीच बाई, तीच वाक्यं, आणि अंगावर काटा येतो. एक बाई पहिल्यापासून खरं सांगते आहे आणि तिच्या घरचा माणूस पुरावा मागतो आहे. सिनेमा तोच आहे, आपण बदललो.

म्हणून शेवट फुटला की सगळंच गेलं, असं आम्ही म्हणणार नाही. २०११ साली अमेरिकेत सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी बारा लघुकथा घेऊन तपासलं होतं. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना त्या कथा कमी नाही, उलट थोड्या जास्तच आवडल्या. नंतरच्या दुसऱ्या अभ्यासात याच्या उलटही निघालं. आम्हाला वाटतं, दोन्ही खरं असावं. नाव सांगून वाढलेली खिरापत गोडच लागते. ओळखण्याचा खेळ तेवढा जातो, आणि तो एकदाच खेळता येतो. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' हे नाटक १९५२ पासून चालू आहे. मध्ये करोनानं पाडलेला खंड सोडला तर थांबलेलं नाही. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी ते पाहिलं, आणि तरी पुढचा माणूस तिकीट काढून चकित व्हायला येतोच.

पुस्तकाचं बरं असतं. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा आहेत, आमच्यातल्या एकीच्या वडिलांकडे त्यांचा गठ्ठाच होता. पदराला हात पुसून दोन पानं वाचावीत, दूध उतू जायला लागलं की खूण घालून उठावं. गोष्ट तिथेच थांबून राहते. (शेवटचं पान आधी उघडून बघणाऱ्याही आमच्यात दोघी आहेत, नावं सांगत नाही.) घरातल्या टीव्हीवरचा सिनेमा आपल्यासाठी थांबत नाही. सगळ्यांनी बसून बघितलेला सिनेमा आपण मात्र कुकरच्या शिट्ट्यांच्या मधून बघतो. आणि असल्या सिनेमात धागे पेरलेले असतात ते नेमके पहिल्या वीस मिनिटांत, जेव्हा आपण पानं वाढत असतो. मग शेवटी 'हे कधी झालं?' म्हणून विचारलं की, 'तुला सिनेमा कळत नाही' असं ऐकून घ्यायचं. हिचकॉकनं १९६० साली 'सायको'च्या वेळी खेळ सुरू झाल्यावर कुणालाच आत सोडायचं नाही असा नियम केला होता. तसा नियम आपल्या घरी उलटा हवा. सुरू झाल्यावर कुणी आपल्याला बाहेर बोलवायचं नाही.

तर ती आमची मैत्रीण. मध्ये गौरी-गणपती आले, आणि तीन आठवड्यांचे पाच झाले. एवढ्या दिवसांत सोळा बायकांपैकी एकीनंही तोंड उघडलं नाही. ठरावाच्या वहीत लिहायचं का, अशी थट्टाही झाली. ती मात्र दर भेटीत नवा तर्क लढवायची. आधी म्हणाली, नवराच बदमाश असणार. मग तो तरुण पोलीस तिला संशयास्पद वाटू लागला. एकदा पासबुकं भरताना अचानक म्हणाली, "नवरा म्हणून कुणी नाहीच की काय?" आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून बेरजा तपासायला घेतल्या.

शेवटी एका दुपारी, जेवणं उरकल्यावर, आम्ही चौघी-पाच जणी एकीच्या घरी जमलो. तिनं स्वतःचा फोन बंद करून आमच्या हातात दिला. सिनेमा राहिला होता तिथून लावला. पोट खोटं आहे हे कळलं तेव्हा ती पडद्याकडे नाही, मावशींकडे वळून बघायला लागली. "मावशी, तुम्ही बोलला होतात! जिन्यावर बोलला होतात!" मावशी म्हणाल्या, "बोलले होते खरी. पण मला कुठे ठाऊक होतं?"

सिनेमा संपला. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आता पहिल्यापासून लावा." शाळा सुटायला दीड तास होता आणि सिनेमा दोन तासांचा. आम्ही लावला.