हॉर्न ओके वेटिंग!

ऑनलाइन ऑर्डर एक दिवस लेट झाली की आपण लगेच कस्टमर केअरला फोन लावतो. पण ती ऑर्डर ज्याच्या गाडीतून येते, त्याच्या दिवसाचं काय? पिंपळगाव राजाच्या एका ट्रक ड्रायव्हरला भेटायला आम्ही हायवेवर जाऊन बसलो. आणि बसूनच राहिलो...

'चार वाजता पोचतो' असा फोन दुपारी बाराला आला होता. तेव्हा गाडीने जळगाव सोडलं होतं. आता साडेपाच वाजलेत. नांदुऱ्याजवळच्या एका ढाब्यावर बाजेवर बसून आम्ही चौघं रस्त्याकडे बघतोय. ड्रायव्हरची बायको, दुसरीतली मुलगी, दोघींना बाइकवर घेऊन आलेला धाकटा दीर आणि काळी-पिवळीतून धक्के खात आलेली मी. बायकोच्या मांडीवर कापडात बांधलेला डबा. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. ती डबा खाली ठेवायला तयार नाही. 'मुंग्या लागतात' म्हणते.

मी तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं, तशी ती हसली. 'ताई, तुमाले सवय नाई. आमी कवा कवा नऊपर्यंत बसतो.'

पिंपळगाव राजा हे बुलडाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यातलं गाव. हायवेपासून पंधरा-वीस किलोमीटर आत. हायवे म्हणजे सुरतहून धुळे, जळगाव, मलकापूर, नांदुरा, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर करत थेट कोलकात्याला जाणारा जुना नंबर सहा. एकूण सुमारे १९०० किलोमीटर. २०१० मध्ये देशभरातल्या हायवेंचे नंबर बदलले आणि इथल्या पट्ट्याचा ५३ झाला. सहा नंबर गेला मेघालय-मिझोरामला. पण इकडे अजून कुणी तो सोडलेला नाही. मोबाइल नंबर पोर्ट करतात ना, तसा मनातल्या मनात इथेच ठेवून घेतलाय.

आमचा ड्रायव्हर (नाव छापू नका म्हणाला, 'सेठ वाचते') सुरतहून कापडाच्या गाठी भरतो आणि कोलकात्याला नेतो. येताना मिळेल ते भाडं, बहुतेकदा रायपूरचं लोखंड. म्हणजे प्रत्येक फेरीत तो दोनदा आपल्या घराच्या फाट्यावरून जातो. दोनदा! तुमचं घर ऑफिसच्या रस्त्यावर आहे आणि तुम्हाला तिथे उतरायची परवानगी नाही, असं समजा. भरलेली गाडी गावातल्या रस्त्यावर घालता येत नाही, हे एक. दुसरं म्हणजे जीपीएस. गाडी अर्धा तास एका जागी दिसली की सेठचा फोन येतो. आपला बॉस निदान ऑफिसात तरी राहतो. ह्याचा डॅशबोर्डवर बसलेला असतो.

म्हणून ही डब्याची आयडिया. ती बायकोचीच. घरी यायला जमत नाही ना, मग आम्हीच येतो.

*डायरीतला हिशेब*

वाट बघता बघता दिराने भावाची एक जुनी खिशातली डायरी दाखवली. डिझेल, टोल, पंक्चर, हमाली, सगळं पेनाने लिहिलेलं. पण मी बघत बसले ते तारखांकडे. सुरतला गाडी लावली सोमवारी सकाळी, माल भरला मंगळवारी रात्री. कोलकात्याला पोचला रविवारी, गोडाऊन बंद. सोमवारी लाइन. मंगळवारी दुपारी गाडी खाली झाली. मग रिटर्न भाडं मिळेपर्यंत तीन दिवस. रस्त्यावर जेवढे दिवस गेले, जवळपास तेवढेच उभं राहण्यात! आणि पैसे? ते फेरीचे. उभ्या गाडीचे दिवस कुणाच्याच खात्यात नाहीत. त्या दिवसांत जेवणखाण, आंघोळीचे पैसे मात्र याच्याच खिशातून.

आता खरं तर ट्रकवाल्यांचे दिवस बरे यायला हवे होते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि जकात नाक्यांवरच्या रांगा गेल्या. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग कंपल्सरी झाला. टोलवर सुट्ट्या पैशांची भानगड संपली. अमरावती-अकोला हा पट्टा तर एके काळी पाटे तोडण्यासाठी फेमस होता. तिथेच जून २०२२ मध्ये साधारण १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज रेकॉर्ड झाला. रस्ता फास्ट झाला, यात वादच नाही. पण वेटिंग संपलं नाही, फक्त जागा बदलून गोडाऊनच्या गेटवर जाऊन बसलं. आणि गेटवर वाया गेलेले दिवस भरून काढायचे कुठे? रस्त्यावर. रात्री. झोप मोडून.

ई-वे बिलाचं गणित बघा. मालासोबतच्या या कागदाची मुदत साध्या गाडीला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस. म्हणजे सरकारला दिवसाला २०० किलोमीटर चालतात. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०२० मध्ये हजारावर ट्रक ड्रायव्हर्सशी बोलून अभ्यास केला, त्यात दिवसाची सरासरी निघाली ४१७ किलोमीटर आणि जवळपास १२ तास. झोप येत असली, थकवा असला तरी गाडी चालवत राहतो, असं निम्म्या ड्रायव्हर्सनी सांगितलं.

कायदा? आहे की! १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता आल्या. जुना कायदा गेला, आठ तास राहिले. पण जुना कायदा लागू व्हायचा तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. एक-दोन गाड्यांचा मालक, त्याला कोण विचारणार? आणि आठ तास मोजायचे तरी कुठून? गेटवरचे धरायचे की नाही?

*अखेर... आला!*

सात वाजून वीस मिनिटांनी दहा चाकांची गाडी हळूच कडेला लागली. मुलगी धावली. तो उतरला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि थेट मागे गेला. लोखंडी रॉडने एकेक टायर ठोकून बघितला, ताडपत्रीची रस्सी ओढून बघितली. मग तोंड धुतलं. मग आमच्याकडे आला. वरणगावजवळ टायर बसला होता म्हणे.

तो जेवत असताना मी प्रश्न विचारत होते, याची मला आत्ता लाज वाटते. अर्धा तास त्याच्या घरच्यांचा होता.

पण तो बोलला. आधी गाडीवर क्लीनर असायचा, रात्री बोलायला कुणीतरी. सेठने तो खर्च कमी केला. 'आता झोप आली त गानं लावतो, नाई त घरी फोन. पन रात्री दोनले कोनाले उठवाव?' बायको मध्येच म्हणाली, 'मी कवा नाई उचलला का?' तो गप्प झाला.

एसी केबिनचं विचारलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. त्याची गाडी बरीच जुनी. विदर्भातला मे महिना आणि पायाशी इंजिनाची धग. 'नवी गाडी नव्या पोराले देतेत. मले हेच बरं, हिचा आवाज समजते.' म्हणे आवाजावरून कळतं कुठे काय बिघडतंय.

जानेवारी २०२४ चा तो संप आठवतो? पेट्रोल पंपांवर मारामारीची वेळ आली होती, आपण सगळे टाक्या फुल करायला पळालो होतो. अपघातानंतर न कळवता पळालं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, या नव्या कलमावरून तो संप होता. सरकारने ते कलम थांबवून धरलं. जुलै २०२४ मध्ये नवा कायदा लागू झाला तोही ते वगळूनच. त्याचं म्हणणं साधं होतं. 'थांबाव असं मलेबी वाटते. पन थांबलेल्याले लोक काय करते, पायलं नाई तुमी.' मी पाहिलेलं नाही. त्याने पाहिलंय, पण त्यावर तो आणखी काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

एव्हाना मुलगी केबिनमध्ये चढून स्टिअरिंगला लटकली होती. हॉर्नचा तिला अचूक पत्ता. 'हिले ड्रायव्हर करता का?' मी गमतीत विचारलं. तो हसला नाही. त्याच अभ्यासात ८४ टक्के ड्रायव्हर्स म्हणाले होते की आपल्या नातेवाइकाला या लाइनीत आणणार नाही. इथे तर नातेवाईक समोरच उभा होता. दिराकडे हेवी लायसन्स आहे. भाऊ गेलं वर्षभर त्याला 'थांब' म्हणतोय. गावात काम नाही, वावर दोन एकर, तेही पावसावर. 'कवापर्यंत थांबू?' दीर म्हणाला. भावाने भाकरीचा तुकडा मोडला, उत्तर दिलं नाही. हा विषय त्यांच्यात आज पहिल्यांदा निघाला नसावा.

आणि फोन वाजलाच. 'हाव सेठ. जेवून रायलो. निंगतो.' पंचवीस मिनिटं झाली होती.

त्याने केबिनमधून मागच्या फेरीचा रिकामा डबा काढून बायकोला दिला. धुतलेला. त्यात मुलीसाठी सुरतहून आणलेली रिबिनींची गुंडाळी. मुलीला उतरवताना ती रडली, पण फार नाही. तिलाही सवय असावी.

'वापस कवा?' बायकोने विचारलं.

'भाडं भेटलं का सांगतो.'

गाडी अकोल्याच्या दिशेने निघाली. दिराने बाइकला किक मारली. ती मात्र रिकामा डबा घेऊन तिथेच उभी होती, मागचा लाल दिवा दिसेपर्यंत.