परक्या झाडावरील प्रयोग

मालवण तालुक्यांतील धामापूरचें तळें सन १५३० मध्यें विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनीं बांधविलें. डोंगरांमधील पाणी बांधानें अडवून धामापूर व काळसे या गांवांच्या शेतीस पुरविण्याचा तो उद्योग आज पांचव्या शतकाच्या अखेरीस आला आहे. सन २०२० मध्यें आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगानें त्याची जागतिक वारशांत गणना केली. मालवण शहरास पिण्याचें पाणीहि येथूनच जातें. ज्यानें हें काम हातीं घेतलें त्याचा लाभ खालच्या सर्वांस झाला. म्हणून नव्या कल्पनांचा विचार आम्ही या तळ्यापासून आरंभितों.

नवें औषध वा नवी जात पुढें आली कीं बागायतदार प्रथम उत्पन्न विचारतो. हें योग्यच आहे. पण प्रयोग फसला तर भुर्दंड कोणाच्या माथीं, हा प्रश्न त्याच्याहि आधींचा होय.

हापूस एक वर्ष धरतो व एक वर्ष रुसतो, हें कोंकणांत कोणास सांगावयास नको. त्यावर पॅक्लोब्युट्राझोल हें द्रव्य निघालें. झाडाची वाढ करविणारा अंतर्गत रस तें रोखतें. त्यामुळें पालवी आवरते व मोहोर लवकर येतो. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें मात्रा ठरवून दिली आहे: झाडाच्या विस्ताराच्या व्यासास दर मीटरीं पाऊण ग्रॅम मूळ द्रव्य. स्वतःच्या बागेंत, मात्रा सांभाळून व खतपाणी वाढवून तें वापरणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं.

दोष निघतो तो खंडाच्या बागेंत. खंडकरी एकदोन हंगामांचा धनी. मोहोराचा पैसा त्याचा, झाडाची झीज मालकाची. मग मात्रा दुप्पट करण्यास त्याचा हात कां कचरावा? द्रव्य मातींत दीर्घकाळ टिकतें, म्हणून पुढल्या वर्षींची मात्रा मागल्या शिलकेंत मिसळते. फुटवे आंखूड व गुच्छासारखे होतात, आणि मुंबईस राहणाऱ्या मालकास हें कळतें तेव्हां खंडकरी दुसऱ्या बागेंत असतो. धामापुरांत दंतकथा आहे कीं, लग्नकार्यास फुलांची परडी तळ्यांत सोडली असतां देवी भगवती दागिने देई. कार्य उरकलें कीं ते परत करावयाचे. एकानें ते ठेवून घेतले, आणि देणें कायमचें थांबलें.

मालक तरी बागेचा धनी आहे; उतारावरून खालीं राहणाऱ्यांस तर कोणी विचारीतच नाहीं. जांभ्याची जमीन, त्यावर तीन हजार मिलिमीटरच्या घरांतील पाऊस. वर घातलेलें खालीं उतरावयास वेळ लागत नाहीं. केरळांत कासरगोडच्या काजूबागांवर ढेकण्या मारण्यासाठीं १९७० नंतरच्या दशकाअखेरीपासून सन २००० पर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलें. आजार व जन्मजात व्यंगें यांच्या तक्रारी ज्या खेड्यांतून आल्या, त्यांनीं फवारणी मागितली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली ती सन २०११ मध्यें.

याच्या उलट वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राचें काम पाहावें. नीलम व हापूस यांच्या संकरांतून १९८१ सालीं रत्ना जात निघाली; तींत साका नाहीं व ती बहुधा दरसाल धरते. तिला हापूसचा भाव न मिळाला तर नुकसान लावणाऱ्याचेंच, आणि तें त्यानें जाणूनबुजून पत्करलेलें असतें. असा प्रयोग कोणीं खुशाल करावा.

खंडाच्या करारांत कोणतें औषध, किती मात्रेनें, किती वर्षांनीं व कोणाच्या देखत द्यावयाचें, हें लिहून घ्यावें; तळ्याकडे उतरणाऱ्या बागांस तें देऊंच नये, असें आमचें मत आहे. कांहीं वाचक म्हणतील, अशा अटींनीं खंड उतरेल. उतरेल खरा. पण तो जो फरक पडेल, तेवढी रक्कम मालक आजहि झाडाच्या रूपानें खंडकऱ्यास देतच आहे.