घनतेचा हिशेब : मजले, रस्ते आणि उजेड

शहराची लोकसंख्या वाढली की नव्या माणसांची सोय दोनच रीतींनी लागते. एक तर शहर भोवतालच्या शेतांवर, पाणथळींवर आणि टेकड्यांवर पसरते, नाही तर आहे त्याच जमिनीवर अधिक घरे उभी राहतात. पसरण्याची किंमत किती मोठी असते, हे नगररचनाकार अलँ बर्तो यांनी बार्सिलोना आणि अटलांटा यांच्या तुलनेतून दाखवले. १९९० च्या सुमारास या दोन्ही महानगरांची लोकसंख्या पंचवीस ते अठ्ठावीस लाखांच्या घरात होती. बार्सिलोनाची वस्ती सुमारे १६२ चौरस किलोमीटरमध्ये मावली होती, तर अटलांटाने सुमारे ४,२८० चौरस किलोमीटर व्यापले होते. बार्सिलोनात साठ टक्के लोक मेट्रो स्थानकापासून ६०० मीटरच्या आत राहत. अटलांटात ८०० मीटरच्या आत राहणारे जेमतेम चार टक्के होते. इतक्या विखुरलेल्या वस्तीत बस किंवा रेल्वे चालवणे परवडत नाही. दूध आणायलाही मोटार काढावी लागते आणि पाण्याची नळवाहिनी, गटार, वीज यांचा दरडोई खर्च वाढत जातो. इंधन, शेतजमीन आणि सार्वजनिक पैसा वाचवायचा तर शहर आटोपशीर असावे लागते, हा घनतेच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद.

घनता मोजताना मात्र तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. एका हेक्टरवर किती माणसे राहतात, ही लोकघनता. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते, हा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय. आणि एका माणसाच्या वाट्याला घरात किती जागा येते, हे तिसरे माप. इमारतीची उंची यांपैकी एकाचेही माप नाही. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १ एफएसआय असेल, तर सगळी जमीन व्यापणारी एकमजली इमारत बांधता येते किंवा पाव जमिनीवर चार मजले चढवून ७५० चौरस मीटर मोकळे ठेवता येतात. दोन्हींत घरे सारखीच, पण अंगण, झाडे आणि पाणी मुरणारी माती यांत मोठा फरक पडतो.

ही तिन्ही मापे एकमेकांशी कशी फारकत घेतात, हे मुंबईत स्पष्ट दिसते. १८९६ च्या प्लेगने कोंदट चाळींचा प्रश्न चव्हाट्यावर आणला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने इमारतींसाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम आणला. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या अंतराच्या साधारण दुपटीहून अधिक नसावी, असा त्याचा अर्थ. दादर-माटुंगा परिसराची आखणी याच ट्रस्टची. तिथल्या तीन-चार मजली इमारती, झाडांचे रस्ते आणि मैदाने पाहिली की दाट वस्ती आणि आरोग्य यांचे वैर नाही, हे पटते.

स्वातंत्र्यानंतर भर बांधकामावर मर्यादा घालण्याकडे गेला. पहिल्या विकास आराखड्याने एफएसआय आणला. १९९१ च्या नियमावलीत तो शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असा ठरला. घरे कमी बांधली की माणसेही कमी येतील, ही त्यामागची अपेक्षा. पण माणसे रोजगारासाठी येतच राहिली. घरांचा साठा अपुरा पडला, किमती चढल्या आणि एकेका खोलीत अधिक माणसे राहू लागली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, त्यामुळे जुन्या इमारतींची दुरुस्ती मालकांना परवडेना. २०११ च्या जनगणनेत मुंबईची सुमारे चाळीस टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत होती. बांधकाम मर्यादित आणि लोकघनता प्रचंड, अशी ही अवस्था झाली.

त्यावर उतारा म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क (एका भूखंडाचा बांधकाम-हक्क दुसरीकडे वापरण्याची मुभा), उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचा पुनर्विकास आणि झोपडपट्टी पुनर्वसन यांसाठी जादा एफएसआय देण्यात आला. २०१८ पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीत रस्त्याच्या रुंदीनुसार शहरात तो ३ पर्यंत जातो. हा वाढीव एफएसआय बहुतेक वेळा एकेका भूखंडाला मिळाला. परिणामी अरुंद गल्लीत एक मनोरा उभा राहतो, त्याच्या पायथ्याशी काही मजले वाहनतळ येतो, पण गल्ली, गटार आणि शाळा पूर्वीइतकीच राहते. पुनर्वसन वसाहतींत याहून गंभीर चूक झाली. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती इतक्या जवळ आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. तिथल्या क्षयरोगाचा अपुऱ्या उजेड-वाऱ्याशी संबंध असल्याचे पाहणीत आढळले. शंभर वर्षांपूर्वी शहराने जो धडा घेतला होता, तो गरिबांची घरे बांधताना बाजूला पडला, ही अक्षम्य गोष्ट आहे.

याउलट समूह पुनर्विकासात अनेक लहान भूखंड एकत्र करून रस्ते, मोकळी जागा आणि इमारती यांची नव्याने मांडणी करता येते. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर असा प्रकल्प सुरू आहे. १९२० च्या दशकातील बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी रहिवाशांना ५०० चौरस फुटांची सदनिका मिळत आहे आणि वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ मध्ये चाव्या देण्यात आल्या. इथे त्याच जमिनीवर दरडोई जागा वाढते. उंच मनोऱ्यांचा भार मात्र लक्षात घ्यावा लागतो. लिफ्ट, पंप आणि अग्निशमन यंत्रणा यांचा देखभाल खर्च कायमचा असतो, शिवाय पोलाद आणि सिमेंटही अधिक लागते. सहा-आठ मजल्यांच्या, योग्य अंतरावरच्या इमारती पुष्कळदा तेवढीच घनता कमी खर्चात देतात.

घनतेची जागाही महत्त्वाची. पुण्यात मेट्रो स्थानकांपासून ५०० मीटरच्या परिसरात वाढीव एफएसआयचे धोरण आहे. स्थानकापर्यंत सलग पदपथ असतील आणि प्रत्येक घरामागे वाहनतळाची सक्ती कमी होईल, तरच त्याचा उपयोग. एरवी वाढीव घरांबरोबर मोटारीही वाढतात. मोकळ्या जागेचा हिशेब याहून निकडीचा. केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवतात. मुंबईत ती दीड चौरस मीटरही नाही. तळघरांनी आणि फरसबंदीने जमीन झाकली की पावसाचे पाणी मुरत नाही आणि सखल भागांत साचते.

म्हणून एफएसआय वाढवण्याआधी तिथला पाणीपुरवठा, मलनिस्सारण, शाळा, दवाखाना, मैदान आणि वाहतूक किती माणसांना पुरेल, हे मोजणे आवश्यक ठरते. वाढीव एफएसआयपोटी बिल्डरकडून मिळणारे अधिमूल्य त्याच परिसरावर खर्च व्हायला हवे आणि काही घरे कमी उत्पन्न गटांसाठी राखीव हवीत. इमारतींमधील अंतराला सवलत नसावी, पुनर्वसनाच्या इमारतींना तर कधीच नाही. या अटी पाळल्या तर दाट शहर जमीन आणि इंधन वाचवते आणि तिथे राहणाऱ्यांना पुरेशी जागाही देते. त्या सोडल्या तर वाढीव एफएसआयमधून केवळ विक्रीयोग्य क्षेत्रफळ वाढते.