ती आधी पेशंट असते

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या तालुक्यातल्या एका बचत गटानं मला आरोग्यावर दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. बोलून झालं, वाण लुटून झालं, आणि चपला घालता घालता एक चाळिशीची बाई जवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, पेपरात येतं ना, त्या अमक्या मुलीचं ‘मेडिकल केलं’ म्हणून. म्हणजे नक्की काय करतात हो?” तिचा प्रश्न ऐकून उंबऱ्यापर्यंत पोचलेल्या चार-पाच जणी परत येऊन बसल्या. एकीनं ऐकलं होतं की पुरुषांसमोर सगळे कपडे काढायला लावतात. दुसरीला वाटत होतं, मुलगी ‘चांगली’ आहे की नाही हे त्यात कळतं. तिसरी म्हणाली, आंघोळ केली असेल तर दवाखान्यात जाऊन काही उपयोगच नाही.

सल्ला केंद्राच्या कामामुळे अशा बायका-मुलींसोबत दवाखान्याच्या बाकावर बसून मी कितीतरी तास काढले आहेत. म्हणून आजचा लेख त्या प्रश्नाच्या उत्तराचा. विषय नकोसा आहे, पण माहिती नसण्याची किंमत फार मोठी असते, मैत्रिणींनो.

पहिली गोष्ट, बलात्कार झालेली बाई दवाखान्यात येते ती आधी पेशंट म्हणून. पुरावा त्यानंतर. तिला थेट दवाखान्यात जाता येतं. “आधी पोलिसांचा कागद आणा” असं म्हणून तिला परत पाठवता येत नाही. सरकारी असो की खासगी, कुठल्याही दवाखान्यानं तिच्यावर ताबडतोब आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत, असा कायदा २०१३ साली झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. उपचार नाकारले तर दवाखान्याच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांना कळवणं हे दवाखान्याचं काम. अठरा वर्षांवरच्या बाईला तक्रार करायची नसेल तर ती तसं सांगू शकते, डॉक्टर ते लिहून घेतात. पण म्हणून उपचार थांबत नाहीत. मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं.

कागदावर हे असं आहे. प्रत्यक्षात काय होतं?

काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या सुगीत एक मजूर बाई जावेला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेली. शनिवारची संध्याकाळ. “लेडी डॉक्टर सोमवारी येतील” एवढंच उत्तर मिळालं. दोघी रात्रभर बाकावर बसल्या आणि सकाळी घरी गेल्या. जावेनं मायेपोटी तिला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, साडी धुऊन टाकली, पोलकं तेवढं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून ठेवलं. सोमवारी दुपारी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पिशवी उघडली, तर पोलक्यावर बुरशी धरलेली. जावेचा काय दोष? तिला कुणी सांगितलं होतं?

लेडी डॉक्टर नाही हे कारण तेव्हाही चालणारं नव्हतं. मोठ्या बाईची तपासणी पुरुष डॉक्टरही करू शकतात, मात्र तेव्हा खोलीत एक बाई असली पाहिजे: सिस्टर किंवा तिचं विश्वासाचं माणूस. मुलीची तपासणी मात्र स्त्री-डॉक्टरनंच करायची, आईवडील किंवा तिच्या भरवशाच्या माणसासमोर. खोलीत पोलिसांना जागा नाही, महिला पोलिसालासुद्धा नाही.

वेळेचा हिशेब मात्र घट्ट लक्षात ठेवा. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी तीन दिवसांच्या आत घेतली तर चांगली, पाच दिवसांपर्यंत देता येते. एचआयव्हीची लागण टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. जितकं लवकर तितकं बरं. धनुर्वाताचं इंजेक्शन, काविळीची लस, गुप्तरोगांवरची औषधं हेही त्यातच येतं. अंगावरचे नमुने चार दिवसांपर्यंत, म्हणजे ९६ तासांपर्यंत घ्यावेत, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे आंघोळ केली, लघवीला जाऊन आलं, तरी दार बंद होत नाही. जमलं तर आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. पण झालं असेल तर तसं डॉक्टरांना सांगायचं आणि तरीही जायचं. धुतलेले कपडेसुद्धा न्यायचे, कधी कधी त्यांवरही डाग मिळतात. आणि कपडे कागदात गुंडाळायचे, जुनं वर्तमानपत्रही चालेल. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, कपडा कुजतो आणि डागातलं जे शोधायचं तेच नासतं.

आता खोलीत काय होतं ते. सुरुवात संमतीनं. डॉक्टरांनी काय करणार, कशासाठी करणार हे तिला कळेल अशा भाषेत सांगायचं आणि मग सही किंवा अंगठा घ्यायचा. ती पूर्ण ‘हो’ म्हणू शकते, पूर्ण ‘नाही’ म्हणू शकते, “बाकी तपासा, आतून नको” असंही म्हणू शकते. मधेच थांबवू शकते. मग काय घडलं ते तिच्या शब्दांत लिहून घेतात. कपडे बदलायचे तर खाली मोठा कागद अंथरतात, कारण गवताची काडी, माती, केस खाली पडले तर तेही पुरावाच. अंगावरचे ओरखडे, वळ, चावे पाहून आकृतीवर खुणा करतात. नखं कापून घेतात, कापसाच्या बोळ्यांनी नमुने घेतात, रक्त आणि लघवी घेतात. काही पाजलं असल्याचा संशय असेल तर लघवी फार महत्त्वाची. बोळे वाळवून, वेगवेगळ्या पाकिटांत, सील करून पोलिसांकडे द्यायचे. पुढे ते मुंबईत कलिना, नागपूर, पुणे, नाशिक अशा न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. ओला बोळा तसाच पाकिटात गेला तर पुढची सगळी यंत्रणा असून नसल्यासारखी. इतकी साधी गोष्ट आहे ही!

आणि ते ‘चांगली मुलगी’ प्रकरण. त्याची मुळं आपल्याच मातीत दिसतात. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली) एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. वय जेमतेम चौदा ते सोळा. डॉक्टरांनी अहवालात लिहिलं, अंगावर जखम नाही, आणि योनीत दोन बोटं सहज जातात. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. जखमा नव्हत्या हे त्यातलं एक कारण. त्यावर कायद्याच्या चार अध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. त्यांत रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला. पण डॉक्टरांची ती दोन बोटं त्यानंतरही तीस वर्षं बदलली नाहीत.

बदल घडवायला हात लागले तेही आपल्याकडचे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांचा दर्जा किती वाईट आहे हे अहवालातून मांडलं, आणि २०१० साली विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. २०१३ साली राज्यानं तपासणीची नवी पद्धत आणली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ही चाचणी बाईच्या खासगीपणावर घाला आहे, आणि २०२२ साली तर ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं बजावलं. तेव्हा कुणी ती करू लागलं किंवा अहवालात ‘सवय आहे’ असं लिहू लागलं, तर सरळ हरकत घ्या. लग्न झालेली असो, नसो, धंदा करणारी असो, तिच्या पूर्वीच्या संबंधांचा या तपासणीशी काडीचा संबंध नाही.

जखमांचंही तेच. चाकू दाखवला, पोराला मारीन म्हणून धमकावलं, भीतीनं अंग गारठलं, तर अंगावर ओरखडा कुठून येणार? कायदाच म्हणतो की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ‘हो’ होतं असं नाही. बलात्कार झाला की नाही हे ठरवणं न्यायालयाचं काम; डॉक्टरांनी काय दिसलं आणि काय नाही, एवढंच लिहायचं.

तपासणीच्या कागदांची प्रत तिला मोफत मिळायला हवी. ती मागून घ्या, तारीख-वेळ बरोबर आहे का पाहा, पोलिसांकडे दिली म्हणून स्वतःजवळ ठेवायची विसरू नका. गर्भ राहिलाच, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्या वेळी गर्भाचे नमुने डीएनए तपासणीसाठी राखून ठेवायला डॉक्टरांना आधीच सांगायचं. अडलं तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीला ११२ हे नंबर आहेत.

आणखी एक. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही तरी डॉक्टर दोन दिवसांनी पुन्हा बोलावतात, कारण मुका मार उशिरा निळा पडतो. त्या दुसऱ्या खेपेला बहुतेकजणी जात नाहीत. रोज बुडतो, एस.टी.चे पैसे लागतात, सासू विचारते पुन्हा कशाला. तेव्हा शेजारणीनं, जावेनं, गटातल्या कुणीतरी तिच्यासोबत त्या एस.टी.त बसावं आणि निळे डाग त्याच कागदावर लिहून घेतले का, ते बघूनच परत यावं.