अंबरनाथचे साचे

अंबरनाथच्या शिवालयात उत्तरेच्या दाराने शिरणाऱ्याने क्षणभर थांबून मान वर करावी. आतल्या तुळईवर शिलाहार मम्वाणीराजाच्या कारकीर्दीतला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे. राजापासून महामात्यापर्यंत दरबाराची उतरंड त्यात नोंदलेली असून, भाऊ दाजींनी ७८२ असा वाचलेला त्याचा शक पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी दुरुस्त केला. लोक मंदिराला खुशाल हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला, हे कोणाकोणाला सांगत बसावे!

मला सांगावयाची हकीकत मात्र १८६८ ची आहे. आदल्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने युरोपातील पंधरा राजपुत्रांनी करार केला होता की, प्रत्येक देशाने आपल्या उत्तमोत्तम कलाकृतींचे साचे काढून त्यांच्या प्रतिकृती परस्परांस द्याव्यात. त्याच सुमारास हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंच्या प्रतिकृती करण्याचे हुकूम सुटले आणि मुंबई सरकारने अंबरनाथ निवडले. अधीक्षक टेरीसाहेबांच्या देखरेखीखाली येथे आलेली मंडळी होती जे. जे. कलाशाळेची; सर जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ साली देऊ केलेल्या एक लाख रुपयांतून उभी राहिलेली ती शाळा तेव्हा अवघी अकरा वर्षांची होती.

काम सोपे नव्हते. कोरीव मूर्तीच्या मागे पोकळी असली की एकसंध साचा तिच्यात अडकून बसतो. म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी उचलावा, तुकडे पुन्हा जुळवून आत प्लॅस्टर ओतावे आणि सांध्यांवर उमटलेल्या कडा हलक्या हाताने खरवडाव्या लागतात. येथल्या भूमिज धाटणीच्या भिंतीला तर सरळ अंग असे नाहीच: कोनामागून कोन, आणि त्यांवर हत्तींच्या सोंडा, देवतांचे हात, वेलबुट्टी. जीजीभाईंच्या लाखाची खरी पावती मला त्या साचेकारांच्या बोटांत दिसते, राजपुत्रांच्या सह्यांत नव्हे.

प्रतिकृतींचा पुरस्कार झाला तो उत्तमच. पण मूळ पाषाण ज्या वालधुनीच्या काठी उभा आहे, तिचे पाणी आज कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडले आहे. या देवळाच्या अंगणात कलामहोत्सव भरविण्यासाठी जे दाते पुढे येतात, त्यांनी दिव्यांच्या रोषणाईआधी थोडी रक्कम या नदीच्या खाती जमा करावी, ही विनंती.