गोष्टीतली मैत्री वर्गात उतरते तेव्हा

नगरच्या सावेडीत जूनमध्ये नवा वर्ग भरतो, तेव्हा पाथर्डी-शेवगावकडून शिकायला आलेली मुलं, नागापूर एमआयडीसीत कामाला आलेल्या परप्रांतीयांची मुलं, लष्करातल्या बदलीमुळे नगरला आलेल्या घरांतली मुलं एकमेकांना नुसती न्याहाळत बसतात. मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खायचा, हा त्या आठवड्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. तो सोडवायला गोष्टीचं पुस्तक खरोखर मदत करू शकतं, हे शाळांमध्ये तपासून पाहिलं गेलंय!

लिंडसे कॅमेरॉन आणि अ‍ॅडम रटलंड या संशोधकांनी ब्रिटनमधल्या पाच ते दहा वर्षांच्या मुलांसोबत सहा आठवडे गोष्टी वाचल्या. अपंग मूल आणि धडधाकट मूल यांच्या मैत्रीच्या गोष्टी. वाचून झालं की त्यावर गप्पा. २००६ साली निष्कर्ष छापून आले. मुलांच्या मनात अपंगांविषयीची आपुलकी वाढली होती, तीही नुसत्या कागदावरच्या ओळखीतून. आपल्यासारख्याच कोणाची ‘त्यां’च्यातल्या कोणाशी गट्टी आहे, एवढं कळलं तरी मन सैलावतं.

मी थक्क झालो तो पुढचं वाचून. काही गटांत पात्रांच्या स्वभावावर, आवडीनिवडींवरच भर होता. काहींत कोण अपंग आहे आणि कोण नाही, हेही ठळकपणे सांगितलं होतं. जास्त परिणाम झाला तो या दुसऱ्या गोष्टींचा! वेगळेपण झाकलं तर तो एकच मुलगा आवडतो. उघड ठेवलं तर त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी मनात जागा होते.

भा. रा. भागवतांना हे आधीच उमगलं असावं. त्यांचा नायक बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत येतो तो फुरसुंगीकर म्हणूनच. गाव थेट पुस्तकाच्या नावात: ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’. ती किडकिडीत अंगकाठी, ती सायकल, ते ‘ट्टॉक’, यातलं काहीही न सोडता त्याला सुभाष देसाईसारखा दोस्त मिळतो.

इटलीत पाचवीच्या मुलांनी हॅरी पॉटरमधले भेदभावाचे प्रसंग वाचले, तेव्हा स्थलांतरितांविषयीचं मत सुधारलं ते हॅरीत स्वतःला पाहणाऱ्यांचं. पात्रात स्वतःला पाहता आलं पाहिजे, म्हणून मला वाटतं, पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराची मुलगी सावेडीच्या शाळेत येते, आपल्या बोलीतच बोलते आणि तिला जिवाभावाची मैत्रीण मिळते, अशी कादंबरी कोणीतरी लिहायला घ्यावी. मी ती पहिल्याच दिवशी विकत घेईन.