दिवसाच्या फेरीसाठीं दुसरी, हलकी फटफटी

ज्या शेतकऱ्याच्या दारांत बुलेट किंवा तिच्या तोडीची एखादी जड मोटारसायकल उभी आहे, त्यानें दुसरी घेण्याची गोष्ट काढली कीं घरांतून पहिला प्रश्न येतो तो हा कीं, पहिली मोडली आहे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु खोल नांगरटीची बैलजोडी आणि कोळप्याची बैलजोडी या निराळ्या असाव्या लागतात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस त्याचें उत्तरहि सुचावयास हरकत नाहीं. ज्यांचें वय पन्नाशीच्या पुढें गेलें आहे, ज्यांस सकाळीं निघून दर्शन, सोयऱ्यांची भेट किंवा एखादा शेतीचा प्रयोग पाहून दिवेलागणीस घरीं यावयाचें असतें, आणि ज्यांचे गुडघे अलीकडे बोलूं लागले आहेत, अशा वाचकांकरितां हा मजकूर आहे. तरुणांनीं तो वाचला तर हरकत नाहीं. पण त्यांस तो पटणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

गाडीचें वजन गाडी चालत असतां कळत नाहीं. वेग आला कीं फिरतीं चाकें आपली आपण तोल धरतात, आणि जड गाडी तर उलट अधिक स्थिर भासते. वजन कळतें तें गाडी थांबल्यावर. आमच्या भाऊबंदांपैकीं एक गृहस्थ तीस वर्षें जड गाडी चालवीत आले. निर्व्यसनी, सावध, रस्त्यावर कधीं कोणास धक्का लागलेला नाहीं. एका भाद्रपदांत आम्ही सातारकर मंडळी शिखर शिंगणापुरास गेलों होतों. परततेवेळीं उतारावर उभी केलेली गाडी वळवून घेत असतां त्यांचा पाय मुरुमावरून सरकला. वेग म्हणाल तर शून्य. गाडी सावकाश कलली, त्यांनीं ती सोडली नाहीं, आणि घोटा खालीं सांपडला. आम्हीं तिघांनीं मिळून ती उचलली. हाड मोडलें तें ऐन शाळूच्या पेरणीच्या तोंडावर. पेरणी दुसऱ्यांच्या हातीं गेली, त्यांच्या सवडीनें झाली, व तोंवर रानाची ओल उडाली होती. दवाखान्याचा खर्च विम्यांतून कांहींसा निघाला. शाळूचा कोठून निघणार?

या प्रकाराचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. बुलेट ३५० किंवा क्लासिक ३५० ही गाडी तेल-पेट्रोलासह सुमारें १९५ किलो भरते. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर व हँडलाची मूठ एक मीटर उंचीवर धरली, तर गाडी १० अंश कलली असतां मुठीवर सुमारें १७ किलोंचा भार येतो. तो कोणीहि तोलील. ३० अंश कलली कीं तोच भार ४९ किलोंवर जातो. मग ती एकट्याच्यानें आवरणें कठीण. १४० किलोंच्या गाडीस हेच आंकडे १२ व ३५ पडतात. तसेंच, दर १० फुटांस एक फूट चढ असलेल्या जागेवरून गाडी मागें ढकलावयाची तर १९५ किलोंच्या गाडीस साडेएकोणीस किलोंचा जोर लागतो, १४० किलोंच्या गाडीस चौदांचा. साडेपांच किलोंचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. दुपारीं बारा वाजतां, चढावर, पाठीस उसण भरली असतां तो क्षुल्लक नसतो.

ओघानें आलें म्हणून सांगतों: पडलेली गाडी समोर वांकून हातांनीं ओढून उचलूं नये. इंजिन बंद करावें व जमल्यास गिअर टाकून ठेवावा. गाडी उजव्या अंगास पडली असेल तर साइड स्टँड आधींच बाहेर काढावा. हँडल पडल्या बाजूस पूर्ण वळवून बैठकीस पाठ लावून बसावें, एका हातानें मूठ व दुसऱ्यानें मागील सांगाडा धरावा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागें पावलें टाकीत उठावें. धान्याचें पोतें उठविणाऱ्या हमालास हें शिकवावें लागत नाहीं.

आतां हलकी म्हणजे किती हलकी? हिरोची स्प्लेंडर ११२ किलोंची, इंजिन ९७ सी.सी.चें, तालुक्याच्या गांवीं जाण्यास याहून सोयीची गाडी आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु शिंगणापूर सातारकरांस जातां-येतां दीडशें किलोमीटरांहून अधिक पडतें, वाटेंत वर्धनगडाचा घाट आहे, आणि पाठीमागें माणूस आहे. अशा वेळीं लहान इंजिन सतत ताणून ठेवावें लागतें. पुणें–बेंगळूर महामार्गावर मालमोटार शेजारून गेली कीं तिच्या वाऱ्यानें हलकी गाडी हेलकावते, आणि पुढें निघून जावें तर अंगांत जोर नसतो. दुसऱ्या टोकास रॉयल एनफील्डचीच हंटर ३५० आहे. २०२२ सालीं निघाली तेव्हां ती १८१ किलोंची होती. दिसण्यांत आटोपशीर आहे खरी. पण जड गाडीचा कंटाळा आला म्हणून १४ किलो वाचविण्याकरितां दुसरी गाडी घेणें म्हणजे मोटेचा दोर बदलून विहिरीचें पाणी वाढेल अशी आशा करण्यासारखें आहे. आमच्या मतें दिवसाच्या फेरीची गाडी १३५ ते १६० किलोंच्या आंत व १५० ते २२५ सी.सी.च्या दरम्यान असावी. होंडाची युनिकॉर्न सुमारें १४० किलोंची, १६२.७ सी.सी.ची; टी.व्ही.एस.ची रोनिन १६० किलोंची, २२५.९ सी.सी.ची. या दुसरीची ताकद जवळजवळ बुलेटएवढीच असून वजन ३५ किलोंनीं कमी, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. हिरोची एक्सपल्स २०० खडबडीत वाटेस उत्तम. मात्र तिची बैठक ८२ सें. मी.हून उंच असल्यामुळें बेताच्या उंचीच्या माणसाची टांचच टेकत नाहीं, आणि टांच टेकली नाहीं तर हलकेपणाचा निम्मा उपयोग तेथेंच गेला. दोन्ही पाय टेकून बसतां येतें कीं नाहीं, हें वहाण घालून पाहावें. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर नव्हे, बाहेर.

सुखासनाविषयीं मात्र थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण तेथेंच पुष्कळजण फसतात. दुकानांतील मऊ बैठक पांच मिनिटें गादीसारखी वाटते. तासाभरांत तिचा स्पंज दबून माणूस खालच्या पत्र्यावर येतो. बेताची टणक व रुंद बैठक सुरुवातीस रुचत नाहीं, पण दुपारपर्यंत तीच साथ देते. याहून महत्त्वाची गोष्ट पाय कोठें येतात ही. पाय पुढें लांबवून बसण्याच्या ज्या आरामखुर्चीसारख्या गाड्या निघतात, त्यांवर सारा भार माकडहाडावर पडतो, आणि खड्डा आला कीं हिसका सरळ मणक्यांत जातो. पाय गुडघ्यांच्या खालींच येत असतील तर गतिरोधकावर किंचित् उठून घेतां येतें. गाळपाच्या हंगामांत उसाच्या ट्रॉल्यांनीं उखडलेल्या आपल्या रस्त्यांवर या उठून घेण्याचें मोल सांगावयास नको. हलकी गाडी खड्ड्यांत जड गाडीहून अधिक उसळते हाहि तिचा एक दोष आहे. तो थोडासा भरून निघतो तो मोठ्या चाकानें. युनिकॉर्नचीं चाकें १८ इंची आहेत, रोनिनचीं व हंटरचीं १७ इंची. खाचखळग्यांत एक इंचाचाहि फरक जाणवतो.

सबब दुकानदाराच्या चार फेऱ्यांवर विसंबूं नये. आम्हांस एका दुकानांत उत्साही तरुणानें गाडीचा वेग, दिव्यांचा आकार व फोन जोडण्याची सोय पाऊण तास समजावून दिली. गाडी एक तास चालवावयास मागितली तेव्हां त्याचा उत्साह मावळला. ज्याच्याजवळ ती गाडी आहे असा गांवांतील किंवा सोयऱ्यांतील माणूस गांठावा, टाकी भरून देऊं करावी, आणि तास-दीड तास वाईट रस्त्यानें फिरून यावें. उतरल्यावर तळहातांस मुंग्या आल्या आहेत काय, कंबर सरळ होते काय, एवढेंच पाहावें. वेगाची चौकशी करूं नये.

आणि ही परीक्षा दोघांनीं द्यावयाची आहे. आमच्या घरांतून एका गाडीस साफ नकार मिळाला, तो मागील बैठक अरुंद व उतरती म्हणून. एकाच बाजूस पाय सोडून बसणाऱ्या बायकांचा भार डाव्या अंगास येतो. चढउतारतांना तोल जातो तोहि तेव्हांच. मागें धरावयास भक्कम कडी, टेंकावयास रुंद पायटा व चाकाशेजारीं साडीची जाळी आहे कीं नाहीं, हें बघितल्याशिवाय पैसे देऊं नयेत. जमत असेल त्या बाईमाणसांनीं दोहों बाजूंस पाय टाकून बसणें केव्हांहि बरें. मागील स्प्रिंग कमीअधिक ताठ करण्याची सोय बहुतेक गाड्यांस असते; दोघें निघणार असाल त्या दिवशीं ती एक-दोन खाचा ताठ करावी.

आम्हीं अखेर युनिकॉर्न पत्करली. तिच्यांत मिरविण्यासारखें कांहीं नाहीं. गल्लींतील पोरें बुलेटभोंवतीं जमतात, हिच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. परंतु ती अंगणांतून एका हातानें मागें घेतां येते, आणि वर्धनगडाच्या घाटांत पाठीमागून "उतरूं का?" असा प्रश्न येत नाहीं. बुलेट विकलेली नाहीं. ती मुलगा चालवितो.

खर्चाच्या बाजूनें एक सवलत झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. जुनी गाडी घ्यावयाची तर १ एप्रिल २०१९ नंतर विकली गेलेली पाहावी. त्या दिवसापासून १२५ सी.सी.वरील नव्या दुचाकीस ए.बी.एस. ब्रेक सक्तीचा झाला, आणि ओल्या मातीनें माखलेल्या डांबरीवर ब्रेक दाबल्यास चाक न अडकणें ही चैन नव्हे.

जुन्या गाडीच्या व्यवहारांत मात्र शेतकरी जी दक्षता जमिनीस घेतो ती गाडीस घेत नाहीं, हें आम्हीं वारंवार पाहिलें आहे. फेरफार न नोंदवितां जमीन विकत घेतली असें कोणी म्हणाला तर आपण त्यास वेडा ठरवूं. पण नांवावर न झालेली गाडी वर्षानुवर्षें फिरविणारे गांवोगांव आहेत. विकणारासहि यांत जोखीम आहे. अपघात झाला तर नोंदणींत ज्याचें नांव तोच मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. नमुना २९ व ३० यांवर उभयतांच्या सह्या घ्याव्या, सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं अक्षरशः ताडून पाहावे, कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचा कागद मागावा, आणि विमा १४ दिवसांच्या आंत आपल्या नांवें करून घेण्याचा अर्ज द्यावा. नांव चढेपर्यंत किंमतीपैकीं थोडी रक्कम आपल्याजवळ ठेवून घ्यावी; विकणारा सरळ असेल तर त्यास राग येत नाहीं.